सागरी वाटा झाडणाऱ्या नौका

पी. अँड ओ. कंपनीचे 'मंगोलिया' हे टपाल व उतारू वाहून नेणारे जहाज २३ जून १९१७ रोजी मुंबईच्या दक्षिणेस एका मोठ्या स्फोटाने हादरले आणि थोड्याच वेळात बुडाले. त्या वेळी आसपास शत्रूची युद्धनौका नव्हती, की पाणबुडीही नव्हती. याच महिन्यात 'सिटी ऑफ एक्झेटर' या दुसऱ्या जहाजालाही मुंबईजवळ असाच धक्का बसला. ते मात्र बुडण्यापासून बचावले. या दोन्ही अपघातांचे कारण चार महिन्यांपूर्वी घडून गेले होते. जर्मनीचे 'वुल्फ' हे जहाज व्यापारी गलबताच्या वेषात नोव्हेंबर १९१६ मध्ये निघाले, आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरात उतरले आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये कोलंबो व मुंबई या बंदरांच्या वाटेवर पाणसुरुंग पेरून निघून गेले. पुढे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या किनाऱ्यांवरही हेच काम करून ते फेब्रुवारी १९१८ मध्ये मायदेशी परतले. मुंबईकर ज्या समुद्राला आपल्या अंगणासारखा मानीत, त्यात युद्ध असे नकळत येऊन बसले होते.

पाणसुरुंगाचे सामर्थ्य त्याच्या चिकाटीत असते. तोफेचा गोळा एकदा सुटला की त्याचे काम संपते. सुरुंग मात्र महिनोन्‌महिने वाट पाहतो. तो जहाजावरील निशाण ओळखत नाही आणि तह झाल्याची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून त्याचा प्रतिकार करणारे साधनही तितकेच चिकाटीचे असावे लागते. ही कामगिरी करणाऱ्या नौकेला माइनस्वीपर, म्हणजे सुरुंग झाडून काढणारी नौका म्हणतात. ती आकाराने लहान, गतीने मंद आणि शस्त्रास्त्रांनी दुबळी असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डच नौदलाच्या आठ नौकांच्या एका वर्गाला आणि मुंबईस येण्यासाठी निघालेल्या एका भारतीय नौकेला जे प्रसंग आले, त्यांवरून या उपेक्षित जहाजांचे खरे मोल ध्यानात येते.

सुरुंग आणि झाडू

पहिल्या महायुद्धात सर्रास वापरला गेलेला पाणसुरुंग स्पर्शाने फुटणारा असे. स्फोटक द्रव्याने भरलेला पोकळ पोलादी गोळा पाण्यावर तरंगू पाहतो. त्याला तळाशी ठेवलेल्या जड वजनाशी पोलादी दोराने बांधून पृष्ठभागाखाली काही हातांवर रोखून धरतात. गोळ्यावर शिंगांसारखी टोके असतात. प्रत्येक शिंग शिशासारख्या मऊ धातूचे असून आत आम्लाने भरलेली काचेची नळी असते. जहाजाचा तळ शिंगावर घासला की शिंग वाकते, नळी फुटते, आम्ल खालच्या विद्युत्घटात उतरते आणि निर्माण झालेल्या विजेच्या प्रवाहाने सुरुंगाचा स्फोट होतो. शिंगावर आघात होईपर्यंत घट कोरडाच असल्यामुळे असा सुरुंग पाण्यात दीर्घकाळ निकामी न होता राहू शकतो.

हा सुरुंग काढण्याची रीत शेतातील पीक कापण्यासारखी आहे. नौका आपल्या मागे एक लांब पोलादी दोर ओढीत नेते. दोराच्या टोकाशी एक तरंगणारा पिंप आणि त्याखाली तिरकस फळ्यांची एक चौकट असते. पाण्याचा दाब या फळ्यांवर पडला की दोर नौकेच्या बाजूला दूरवर ताणला जातो. नौकेजवळची दुसरी चौकट त्याला ठरावीक खोलीवर दाबून ठेवते. अशा रीतीने पाण्याखाली एक मोठे विळ्याचे पाते तयार होते. सुरुंगाचा दोर त्यात सापडला की तो घासून किंवा कातरून तुटतो आणि मोकळा झालेला सुरुंग पृष्ठभागावर येतो. मग खलाशी बंदुकीच्या गोळ्यांनी त्याला भोके पाडून बुडवितात किंवा दुरूनच फोडतात.

अनेक नौका मिळून हे काम करतात तेव्हा त्या तिरप्या ओळीत चालतात. प्रत्येक नौका आपल्या पुढच्या नौकेने झाडलेल्या पट्ट्यातून जाते. त्यामुळे न झाडलेल्या पाण्यात फक्त सर्वांत पुढची नौका असते. तिचे रक्षण करण्यास पुढे कोणी नसते. तिचा तळ उथळ ठेवलेला असतो, आणि सुरुंग तिच्या तळापेक्षा खोल असतील, एवढ्याच भरवशावर ती चालते. भरती-ओहोटीच्या गणितात चूक झाली, तर हा भरवसाही उरत नाही.

पोलादाचा दोष

१९३९ च्या नोव्हेंबर महिन्यात या शास्त्राला नवे वळण लागले. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर झाडून स्वच्छ केलेल्या मार्गांवरही जहाजे बुडू लागली. १८ नोव्हेंबरला 'सिमोन बोलिव्हार' हे तटस्थ हॉलंडचे उतारू जहाज हार्विच बंदराच्या बाहेर बुडाले आणि त्यातील अनेक स्त्रीपुरुष व मुले प्राणास मुकली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका जर्मन विमानाने टाकलेला सुरुंग शूबरीनेस येथील चिखलात, ओहोटीने उघड्या पडलेल्या जमिनीवर सापडला. ब्रिटिश नौदलाचे अधिकारी जॉन ऊव्ह्री यांनी २३ नोव्हेंबर रोजी जिवाची पर्वा न करता तो उकलला आणि त्याचे रहस्य उघड झाले. हा सुरुंग समुद्राच्या तळावर पडून राहत असे. त्याला दोर नव्हता. मग कापणार काय? जहाज वरून जाताना चुंबकीय क्षेत्रात जो बदल होतो, त्याने त्यातील सुई हलत असे आणि मंडल पूर्ण होऊन स्फोट होत असे.

पोलादी जहाज हे वस्तुतः एक मोठे लोहचुंबकच असते. जहाज बांधले जात असताना तापणाऱ्या, ठोकल्या जाणाऱ्या पत्र्यांवर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा ठसा उमटतो आणि तो टिकून राहतो. छत्तीसगडमधील भिलाई येथे लाटलेले पोलादी पत्रे भारतीय नौदलाच्या जहाजांत वापरले गेले आहेत. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत' या विमानवाहू जहाजासाठी लागलेल्या विशेष पोलादातही भिलाईचा वाटा आहे. अशा पोलादानेच युद्धनौकेला बळकटी येते. परंतु तळाशी दबा धरून बसलेल्या चुंबकीय सुरुंगाला तिची चाहूल देणारेही तेच पोलाद असते.

यावर दोन उपाय निघाले. पहिला असा की, जहाजाभोवती तारेचे वेढे देऊन त्यांतून विजेचा प्रवाह सोडावयाचा व जहाजाच्या चुंबकत्वाला विरुद्ध चुंबकत्वाने झाकून टाकावयाचे. दुसरा उपाय सुरुंग काढणाऱ्या नौकांनी अमलात आणला. दोन नौका समांतर चालून आपल्या मागे पाण्यावर तरंगणाऱ्या लांब विद्युत्तारा ओढीत आणि त्यांतून ठरावीक कालांतराने प्रवाह सोडीत. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून तो प्रवाह वाहिला की मोठ्या क्षेत्रात चुंबकीय हालचाल होऊन सुरुंग नौकांच्या मागे सुरक्षित अंतरावर फुटत. युद्ध संपल्यावर या नौका लाकडाच्या बांधाव्यात, हा विचार सर्वत्र मान्य झाला तो याच अनुभवातून.

हॉलंडच्या आठ भगिनी

हॉलंडचा किनारा उथळ, वाळूच्या बांधांनी भरलेला; आणि त्या काळी त्याचे साम्राज्य पसरले होते ते आजच्या इंडोनेशियाच्या हजारो बेटांवर. दोन्ही ठिकाणी उथळ तळाच्या नौकांची गरज होती. त्यासाठी १९३६ व १९३७ या वर्षांत 'यान व्हान आम्स्टेल' वर्गाच्या आठ नौका बांधण्यात आल्या. सतराव्या शतकातील डच आरमाराच्या अधिकाऱ्यांची नावे त्यांना देण्यात आली. प्रत्येक नौका सुमारे ५६ मीटर लांब व ५२५ टन वजनाची होती. तिचा तळ पाण्यात जेमतेम दोन मीटर बुडे. तिचा कमाल वेग ताशी १५ सागरी मैल असून तिच्यावर सुमारे ४५ माणसे असत. एक तीन इंची तोफ आणि विमानांवर मारा करणारी काही हलकी शस्त्रे, एवढाच तिचा संभार होता. सुरुंग झाडण्याखेरीज गस्त घालणे, पाणबुड्यांवर लक्ष ठेवणे ही कामेही तिच्याकडे सोपविली जात.

युद्धाची पहिली झळ या वर्गाला हॉलंड तटस्थ असतानाच लागली. युद्ध पुकारले जाऊन आठवडाही झाला नव्हता, तोच ८ सप्टेंबर १९३९ रोजी 'विलेम व्हान एवाइक' ही नौका हॉलंडच्या किनाऱ्याजवळ सुरुंगावर आदळून बुडाली. सुरुंग काढण्यासाठी बांधलेल्या या वर्गाचा पहिला बळी सुरुंगानेच घेतला. मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड जिंकले, तेव्हा 'पीटर फ्लोरिस' व 'अब्राहम व्हान डेर हुल्स्ट' या नौका त्यांच्या खलाशांनी स्वतःच बुडविल्या. पण जर्मनांनी त्या वर काढून आपल्या कामी लावल्या. 'यान व्हान गेल्डर' ही नौका निसटून इंग्लंडला पोहोचली. उरलेल्या चार नौका पूर्वेकडे, जावा बेटावरील सुराबाया या नाविक तळावर होत्या.

जावाचा पाडाव

२७ फेब्रुवारी १९४२ रोजी जावा समुद्रात अॅडमिरल कारेल डोरमन यांच्या नेतृत्वाखालील संयुक्त आरमाराचा जपानी आरमाराने पराभव केला. डोरमन स्वतः जहाजासह बुडाले. त्या रात्रीची एक घटना सुरुंगाच्या स्वभावाची साक्ष देणारी आहे. ब्रिटिश विनाशिका 'ज्युपिटर' शत्रूच्या तोफांतून वाचली, परंतु त्याच दिवशी डच नौदलाने जावाच्या किनाऱ्यालगत पेरलेल्या सुरुंगावर आदळून बुडाली. मित्राने मित्रासाठी नव्हे, शत्रूसाठी मांडलेला तो सापळा होता. सुरुंगाला मात्र हा भेद माहीत नव्हता.

आता सुराबायातील चार नौकांपुढे ऑस्ट्रेलियाकडे निसटून जाणे एवढाच मार्ग उरला. त्यांचा वेग जपानी विनाशिकांच्या वेगाच्या निम्माही नव्हता आणि आकाशात जपानी विमाने अहोरात्र घिरट्या घालीत होती. 'पीटर डे बिटर' सुराबायातच खलाशांनी बुडविली. 'एलांड ड्युबोइस' थोडे अंतर गेली, पण पुढे जाण्याच्या स्थितीत नसल्यामुळे मादुरा बेटाजवळ तिलाही जलसमाधी देण्यात आली. तिच्यावरील माणसांना घेऊन निघालेली 'यान व्हान आम्स्टेल' ८ मार्च १९४२ रोजी मादुराच्या सामुद्रधुनीत एका जपानी विनाशिकेच्या हाती सापडली व बुडविली गेली. त्याच दिवशी जावाने शरणागती पत्करली.

चौथी नौका 'अब्राहम क्रिनसेन'. तिचे नाव १६६७ मध्ये सुरिनाम जिंकणाऱ्या सेनानीवरून ठेवलेले होते. तिच्या खलाशांनी जवळच्या बेटांवर उतरून झाडे तोडली, फांद्या व पाने आणून नौकेवर डोलकाठीपर्यंत रचली आणि उघडा राहिलेला पत्रा खडकांच्या रंगांनी रंगविला. दूरून पाहणाऱ्याला ती घनदाट झाडीचे एक लहानसे बेट वाटावी, अशी योजना होती. परंतु चालणारे बेट कोणालाही फसवू शकत नाही. म्हणून दिवसा किनाऱ्यालगत नांगर टाकून निश्चल राहावयाचे आणि रात्र झाली की पुढे सरकावयाचे, असा नेम ठरला. हजारो बेटांच्या त्या समुद्रात आणखी एका बेटाकडे जपानी वैमानिकांचे लक्ष गेले नाही. उघड्या महासागरात आल्यावर हा वेष टाकून नौकेने पूर्ण वेग धरला आणि २० मार्च १९४२ रोजी ती पश्चिम ऑस्ट्रेलियातील जेराल्डटन बंदरात पोहोचली. जावाहून सुखरूप निसटलेल्या अखेरच्या नौकांपैकी ती एक होती.

या सुटकेत दैवाचा भाग होता हे खरे. तरीही नौकेच्या ज्या गुणांमुळे सुटका साधली, ते तिच्या नेहमीच्या व्यवसायातूनच आलेले होते. उथळ तळामुळे ती किनाऱ्याला इतकी जवळ जाऊ शकली की बेटांच्या रांगेत ती मिसळून गेली. सावकाश चालण्याची, दिवस दिवस थांबून राहण्याची सवय तिच्या माणसांच्या अंगवळणी पडलेली होती. ऑस्ट्रेलियन नौदलाने सप्टेंबर १९४२ मध्ये तिला आपल्या सेवेत घेतले, तेव्हा तिच्यावरील डच खलाशांच्या जोडीला ऑस्ट्रेलियन नाविक आणि बुडालेल्या 'ज्युपिटर' विनाशिकेतून वाचलेले ब्रिटिश नाविक आले. सुरुंगाने ज्यांचे जहाज गेले, त्यांना सुरुंग काढणाऱ्या नौकेवर आश्रय मिळाला. मे १९४३ मध्ये ती पुन्हा डच निशाणाखाली गेली.

मुंबईकडे निघालेली 'बेंगॉल'

महायुद्धाच्या प्रारंभी रॉयल इंडियन नेव्ही हे अगदी लहान आरमार होते. त्याचे मुख्य ठाणे मुंबई. कोकणच्या, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील दर्यावर्दी कुटुंबांतून त्याला पिढ्यान्‌पिढ्या खलाशी मिळत आले होते. युद्धकाळात या आरमाराचा झपाट्याने विस्तार झाला. ऑस्ट्रेलियात बांधल्या जात असलेल्या 'बाथर्स्ट' वर्गाच्या ६० नौकांपैकी चार भारतासाठी होत्या. सुरुंग झाडणे आणि ताफ्याचे रक्षण करणे ही दोन्ही कामे करू शकतील अशा त्या नौका होत्या. लांबीने त्या जवळजवळ डच नौकांएवढ्याच, वेगही तितकाच. त्यांपैकी 'बेंगॉल' सिडनी येथे बांधून १९४२ च्या ऑगस्टमध्ये तयार झाली. नियोजित चार इंची तोफ त्या वेळी उपलब्ध नव्हती. म्हणून तिला एक तीन इंची तोफ बसविण्यात आली आणि तिच्यासाठी अवघे चाळीस गोळे मिळाले.

नोव्हेंबरच्या प्रारंभी ती ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरातून भारताकडे निघाली. तिच्या सोबतीला 'ओंदिना' हे ६,३४१ टनांचे डच तेलवाहू जहाज होते. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस, मध्य महासागरात, दोन मोठी जहाजे त्यांच्या रोखाने येताना दिसली. ती 'होकोकु मारू' व 'आइकोकु मारू' ही जपानी आरमाराची सशस्त्र जहाजे होती. प्रत्येकाचे वजन १०,००० टनांहून अधिक, वेग 'बेंगॉल'पेक्षा जास्त, आणि तोफा पल्ल्याने व संख्येने कितीतरी वरचढ.

नौकेचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन यांनी 'ओंदिना'ला दूर निघून जाण्याची खूण केली आणि 'बेंगॉल'चे तोंड सरळ शत्रूकडे वळविले. या धाडसामागे हिशेब होता. शत्रूचे लक्ष नौकेवर खिळून राहील, तेवढ्या वेळात तेलवाहू जहाज अंतर तोडू शकले असते. शिवाय लहान तोफेचा उपयोग जवळ गेल्याखेरीज नव्हता. 'ओंदिना' मात्र लगेच दूर गेली नाही. तिच्याजवळ एक चार इंची तोफ होती, तिने तिनेही मारा सुरू केला. काही वेळात 'होकोकु मारू'च्या मागील भागावर गोळा बसला, आग भडकली आणि स्फोट होऊन ते जहाज बुडाले. तो गोळा नेमका कोणाच्या तोफेचा, याविषयी पुढे मतभेद झाले. 'ओंदिना'च्या तोफेला त्याचे श्रेय देणारे अभ्यासक अनेक आहेत. 'बेंगॉल'ने शत्रूचे लक्ष विभागले नसते तर त्या तोफेला नेम धरण्याइतकी उसंत मिळाली नसती, हेही तितकेच खरे.

गोळे संपत आल्यावर 'बेंगॉल' धुराच्या पडद्याआड मागे सरली. तिला गोळे लागले होते, पण ती तरंगत होती. 'ओंदिना'वर याहून कठीण प्रसंग आला. तिचा दारूगोळा संपला, कप्तान विलेम होर्समन गोळ्याने मरण पावले आणि माणसे होड्यांत उतरली. 'आइकोकु मारू'ने जहाजावर पाणतीर सोडले, होड्यांवर मशिनगन चालविल्या व आपल्या सोबत्याच्या वाचलेल्या खलाशांना घेऊन ते निघून गेले. जहाज मात्र बुडाले नाही. उरलेली माणसे परत त्यावर चढली, त्यांनी आगी विझविल्या आणि जहाज पुन्हा फ्रीमँटलला आणले. 'बेंगॉल' दिएगो गार्सिया बेटावर पोहोचली आणि तेथून पुढे भारतात आली. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये एक डच सुरुंगनौका याच महासागराच्या कडेला वेष पालटून वाचली होती. नोव्हेंबरमध्ये भारताच्या सुरुंगनौकेने एका डच जहाजासाठी आपला जीव उघडा केला.

युद्धानंतरचे काम

युद्ध थांबले की लढाऊ जहाजांचे काम सरते. सुरुंग काढणाऱ्या नौकांचे काम मात्र वाढते. मे १९४५ मध्ये रंगून हस्तगत होत असताना नदीच्या मुखातील मार्ग झाडण्यात भारतीय नौका सहभागी होत्या. 'अब्राहम क्रिनसेन'नेही युद्धाच्या अखेरीस इंडोनेशियाच्या पाण्यात सुरुंग काढले. ती १९५१ मध्ये हॉलंडला परतली, पुढे तरुण नाविकांच्या प्रशिक्षणासाठी वापरली गेली आणि अखेर डेन हेल्डर येथील नौदल संग्रहालयात जतन करण्यात आली. 'बेंगॉल' स्वतंत्र भारताच्या नौदलात १९६० पर्यंत होती. तिला संग्रहालय लाभले नाही.

चुंबकीय सुरुंगाने शिकविलेला धडा भारतीय नौदलानेही ध्यानी ठेवला. १९५० नंतरच्या दशकात ब्रिटनकडून घेतलेल्या नव्या नौका लाकडी बांधणीच्या होत्या आणि 'बेसीन', 'कारवार' अशी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची नावे त्यांना देण्यात आली. याच प्रकारच्या 'भटकळ' व 'बलसार' या नौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. १९७८ ते १९८८ या काळात सोव्हिएत रशियातून बारा मोठ्या नौका आल्या. त्यांतील 'कारवार' व 'काकिनाडा' मे २०१७ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत निशाण उतरवून निवृत्त झाल्या, आणि २०१९ मध्ये या वर्गाची अखेरची नौका 'कोळिकोड' हिचीही सेवा संपली. त्यांची जागा घेणाऱ्या नव्या नौका तोपर्यंत बांधून झाल्या नव्हत्या.

बंदरे कशावर चालतात, हा प्रश्न शांततेच्या काळात कोणी विचारीत नाही. तेल, धान्य, खत, कोळसा घेऊन येणारी जहाजे मुंबईच्या मुखाशी पोहोचतात ती वाट मोकळी आहे या विश्वासावर. १९१७ मध्ये एका वेषधारी जहाजाने काही तासांच्या कामात हा विश्वास महिनोन्‌महिने हिरावून घेतला होता. सुरुंग पेरणे स्वस्त आणि सोपे असते. ते काढणे खर्चाचे, संथ आणि जिवावरचे असते. झाडलेली वाट मागे काही खूण ठेवीत नाही. जे जहाज बुडाले नाही, त्याची नोंद कोणत्याच यादीत होत नसते. सुरुंग काढणाऱ्या नौकांची कामगिरी मात्र अशाच जहाजांच्या संख्येने मोजावी लागते.